उसने घेण्याचे शिक्षण: राजारामपुरीतील एका कथालेखन कार्यशाळेविषयी

कोल्हापुरातील राजारामपुरीत शनिवार-रविवारी भरलेल्या या कार्यशाळेच्या जाहिरातीत स्वतःची शैली सापडेल, असे आश्वासन होते. प्रत्यक्षात मार्गदर्शक बाईंनी पहिल्याच तासाला शैलीचा विषय बाजूला ठेवला आणि आपण कोणकोणाचे वाचून लिहायला लागलो, त्यांची नावे प्रत्येकाला कागदावर लिहायला लावली. बरेच कागद कोरे राहिले. दुसऱ्याचे वाचले की त्याचा प्रभाव पडतो, म्हणून आपण वाचतच नाही, असे एका तरुणाने अभिमानाने सांगितले. बाई त्याच्यावर रागावल्या नाहीत. त्यांनी थेट नवव्या शतकातील काश्मीर गाठले, आणि माझ्या मते कार्यशाळेचा सर्वांत कसदार भाग तोच होता.

तिथल्या आनंदवर्धन या काव्यशास्त्रकाराने ‘ध्वन्यालोक’ या संस्कृत ग्रंथाच्या चौथ्या उद्योतात, म्हणजे अध्यायात, दोन कवींच्या रचनांमधील साम्याचे तीन प्रकार सांगितले आहेत. पहिले साम्य आरशातल्या प्रतिबिंबासारखे, दुसरे चित्रासारखे आणि तिसरे एकमेकांसारख्या दिसणाऱ्या दोन जिवंत माणसांसारखे. प्रतिबिंबाला स्वतःचा आत्मा नसतो आणि चित्राचा आत्मा क्षुद्र असतो, म्हणून ही दोन्ही साम्ये कवीने टाळावीत. तिसऱ्यात मात्र आत्मा स्वतंत्र असल्यामुळे ते टाकण्याचे कारण नाही, असा त्याचा निर्णय आहे. त्याच्यानंतरचा काव्यशास्त्रकार राजशेखर तर त्याच्याही पुढे जाऊन, चोरी न करणारा कवी नाही आणि चोरी न करणारा व्यापारीही नाही, असे बेधडक लिहितो. हे ऐकून मागच्या बाकावरील एका निवृत्त गृहस्थांनी विचारले, “आवो बाई, मग आमचं म्हणून काय ऱ्हायलं ह्यात?” बाईंनी उत्तर दिले नाही, सराव दिला.

सरावासाठी ययातीची कथा निवडली होती. वि. स. खांडेकरांच्या गावात ही निवड अपेक्षितच होती, पण ती उपयुक्तही ठरली. महाभारताच्या आदिपर्वात संजीवनी विद्या मिळवून स्वर्गात परतणारा कच पुढे कथेत उरत नाही. खांडेकरांनी 1959 साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरीत त्याला पुन्हा आणले आणि ययाती, देवयानी व शर्मिष्ठा या तिघांना आपापल्या तोंडाने बोलायला लावले. व्यासांचे काय घेतले आणि स्वतःचे काय घातले, हे दोन्ही तिथे उघड दिसते. मूळ कथेने वाऱ्यावर सोडलेले एखादे पात्र उचलून त्याच्यावर पानभर लिहावे, असे आम्हाला सांगण्यात आले.

कागलकडच्या एका सहभागी शिक्षकांनी बापाचे, ययातीचे, म्हातारपण स्वतःवर घेणारा पुरू निवडला. त्यांचा पुरू राजपुत्र नव्हता. सेवा सोसायटीचे कर्ज नवे-जुने करता करता थकलेल्या बापाची थकबाकी कॉलेज सोडून स्वतःच्या अंगावर घेणारा तो मुलगा होता. पानाच्या आरंभी मात्र यौवन, त्याग आणि जीवन यांवर तीन सुभाषितवजा वाक्ये होती. बाईंनी ती सर्वांसमक्ष खोडली आणि ही खांडेकरांची लय आहे, तुमच्या पुरूला ती पेलत नाही, असे शांतपणे सांगितले. खोडल्यावर पान सोसायटीच्या सचिवाने ओट्यावर चप्पल काढून ठेवल्यापासून सुरू झाले आणि वर्गातली कुजबुज थांबली. कथानक व्यासांचे राहिले, तरी ते पान त्या शिक्षकांचे झाले.

प्रताधिकारावरील सत्र त्यामानाने नीरस होते, पण माहिती चोख होती. भारतात कल्पनेला प्रताधिकार मिळत नाही, तिच्या अभिव्यक्तीला मिळतो. लेखकाच्या निधनानंतर 60 वर्षे तो टिकतो; खांडेकरांचे निधन 1976 साली झाले, म्हणजे त्यांच्या लेखनावर तो 2036 अखेरपर्यंत राहील. महाभारतातील ययाती सर्वांचा असला, तरी खांडेकरांची वाक्ये त्यांचीच आहेत. ऋणनिर्देशाविषयी बाई अधिक बोलायला हव्या होत्या, असे वाटते. व्यासांचा मागोवा घेत आणि भाष्यकारांना वाट पुसत आपण चाललो आहोत, असे ज्ञानेश्वरांनी स्वतःच सांगून ठेवले आहे. त्या ओवीवर पाच मिनिटे बोलून विषय संपवला गेला.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. एका लेखकाकडून घेतलेले बाईंनी अचूक पकडले, पण सर्वांकडून घेतलेले त्यांच्या नजरेतून निसटले. वाचल्या गेलेल्या बहुतेक कथांमध्ये रंकाळ्यावरची संध्याकाळ होती, तांबडा-पांढरा रस्सा होता आणि तालमीतला दिलदार पैलवान होता. यांवर कोणाचाच हक्क नसल्यामुळे चोरीचा आरोप होत नाही, परंतु आनंदवर्धनाच्या मोजमापाने ही सगळी प्रतिबिंबेच ठरतात. गावावर प्रेम असल्याची पावती म्हणून त्या वर्णनांना टाळ्या मिळाल्या, हे अधिक खटकले. याच शहरात राहून रंकाळा न आणता लिहा, एवढी एक अट घातली असती, तर अर्ध्या वर्गाची अडचण झाली असती आणि फायदाही.

व्यवस्थेबाबत सांगायचे, तर खोली हवेशीर होती, चहा वेळेवर मिळाला, टिपणांच्या झेरॉक्स प्रती मात्र पुरल्या नाहीत. वर्ग मोठा असल्याने सर्वांचे लेखन वाचले गेले नाही आणि ज्यांचे राहिले, त्यांना लेखी अभिप्रायही मिळाला नाही. आकारलेल्या शुल्कात तो मिळायला हवा होता. पुढच्या तुकडीत नाव नोंदवणाऱ्यांनी अर्धीमुर्धी का होईना, लिहिलेली कथा सोबत न्यावी आणि ती पहिल्याच दिवशी बाईंच्या हाती द्यावी. नुसते ऐकायला जाणाऱ्यांना आनंदवर्धन आणि राजशेखर ग्रंथालयातही भेटतील.