प्रदर्शनातून थेट लाटेवर: हाताने घडवलेला लाकडी सर्फबोर्ड

हा बोर्ड मी पहिल्यांदा पाहिला तो कलाप्रदर्शनात, भिंतीवर, दोन लिनोकट छापचित्रांच्या मधे. बनवणारी शिल्पकलेच्या शेवटच्या वर्षाला. "पाण्यात चालेल का गं?" विचारलं, तर म्हणाली, "चालवूनच बघा." घेतला.

नऊ फुटी, आतून पोकळ. आत माशाच्या काट्यासारखा सांगाडा, वर पॉलोनिया या हलक्या लाकडाच्या पातळ पट्ट्या, त्यावर फायबरग्लास आणि इपॉक्सी रेझिन. असे पोकळ बोर्ड अमेरिकन सर्फर टॉम ब्लेकने 1930च्या दशकात गाजवले होते. फोमच्या बोर्डापेक्षा हा जड, त्यामुळे लाट पकडताना दंड भरून येतात. पण एकदा पकडली की खळबळत्या पाण्यातही हा आपला संथ, सरळ.

मला वेड लावलं ते टोकावरच्या खेकड्याने. तिने तो पातळ राइस पेपरवर छापून रेझिनखाली चिकटवलाय. रेझिन मुरलं की कागद दिसेनासा होतो, नुसती शाई उरते. एका नांगीखाली हवेचा बुडबुडा राहिलाय, तो मला आता आवडतो.

उजवी कड मात्र डावीपेक्षा जाड आहे. रंध्याचं काम, बोटांना लगेच कळतं. वळताना फारसं जाणवत नाही.

आणि हवेचा स्क्रू! उन्हात आतली हवा फुगते म्हणून तो सैल ठेवायचा, पाण्यात शिरण्याआधी आवळायचा. मी एकदा विसरले आणि संध्याकाळभर बोर्ड उलटा धरून पाणी निथळवत बसले.

पुढचा सहा फुटी हवाय, असं तिला सांगून ठेवलंय.