तयार कूलंट की कॉन्सन्ट्रेट?

इंजिन थंड ठेवायला रेडिएटरमध्ये साधं पाणी घालावं की कूलंट, हा वाद कूलंटच्या बाजूने मिटला आहे असं धरून चालतो. दुकानात खरा प्रश्न पुढचा असतो: थेट ओतायचं तयार कूलंट घ्यावं, की पाणी मिसळून वापरायचं कॉन्सन्ट्रेट? माझ्या जुन्या डिझेल जीपमध्ये मी दोन्ही वापरली आहेत.

आतला माल बहुतेक वेळा एकच असतो, इथिलीन ग्लायकॉल आणि गंज रोखणारी रसायनं. त्यामुळे कोणतं इंजिन जास्त थंड ठेवतं, यावरून निवड करण्यात अर्थ नाही. उष्णता वाहून नेण्यात तर निव्वळ पाणीच सरस. ग्लायकॉल उकळी लांबवतं: निम्मं-निम्मं मिश्रण साधारण १०७ अंशांना उकळतं, आणि रेडिएटरचं झाकण आत एक बारच्या आसपास दाब धरत असेल तर ते १२५ अंशांच्याही पुढे टिकतं. मे महिन्यात चिपळूणहून परतताना, एसी चालू ठेवून कुंभार्ली घाट चढायचा तर ही सवलत लागतेच. दोन्हींनी मला तो घाट सारखाच चढवला. टेंपरेचरच्या काट्यात फरक असेलही, मला तरी दिसला नाही.

पैशाच्या हिशेबात कॉन्सन्ट्रेट पुढे आहे. निम्मं पाणी घातलं तर एका लिटरचे दोन लिटर होतात, आणि डब्यावर एकास दोन असं प्रमाण दिलेलं असेल तर तीन. आपल्याकडे कूलंट गोठण्याची भीती नसल्याने तेवढं पातळ मिश्रणही चालून जातं.

माझं मन फिरलं ते पाण्यामुळे. बार्शीकडे बोअरचं पाणी किती जड असतं, हे बादलीला धरलेल्या पांढऱ्या थरावरून कळतंच. कॉन्सन्ट्रेटला डिस्टिल्ड वॉटर हवं, पण गॅरेजमध्ये कोपऱ्यातल्या बॅरलमधलं पाणी मगाने घेतलं जातं आणि प्रमाण डोळ्यांनी ठरतं. डिस्टिल्ड वॉटरचा कॅन हातात देऊनही एका ठिकाणी तो बाजूलाच राहिला. पुढे रेडिएटर उघडला तेव्हा नळ्यांमध्ये क्षार धरलेले होते, आणि सफाईवर गेलेला खर्च कॉन्सन्ट्रेटमध्ये वाचलेल्या पैशांहून बराच जास्त होता. कूलंटचा दोष त्यात काहीच नव्हता. पण क्षाराचा पातळ थरसुद्धा उष्णता अडवतो, मग बाटलीतलं रसायन कितीही चांगलं असो, इंजिन तापतंच.

दुसरा त्रास टॉप-अपचा. वाटेत कुणी थोडं पाणी घालतं, कुणी कॉन्सन्ट्रेट तसंच ओतून देतं. वर्षभराने आत नेमकं काय प्रमाण आहे, हे मोजायचा मीटर लावल्याशिवाय सांगता येत नाही, आणि तो मीटर मला आमच्याकडच्या गॅरेजांत क्वचितच दिसला. तयार कूलंटमध्ये हा प्रश्नच येत नाही. त्याच प्रकारचं कूलंट घ्यायचं आणि गार इंजिनवर खुणेपर्यंत भरायचं. प्रकार मात्र गाडीच्या पुस्तकात पाहून घ्या, रंगावर जाऊ नका. हिरवा, गुलाबी हे रंग कंपनीगणिक वेगळे असतात.

एका जागी मात्र कॉन्सन्ट्रेटला तोड नाही. पूर्ण फ्लश केल्यावर, म्हणजे जुनं कूलंट काढून आतून पाण्याने धुतल्यावर, इंजिनच्या ब्लॉकमध्ये आणि हीटरमध्ये बरंच पाणी उरतं, ते सगळं निघत नाही. त्यावर तयार कूलंट ओतलं की ते आपोआप पातळ होतं. अशा वेळी पुस्तकातली एकूण क्षमता पाहून तिच्या निम्मं कॉन्सन्ट्रेट आधी घालावं आणि मग डिस्टिल्ड वॉटरने पातळी पुरी करावी. हे काम स्वतः करत असाल, किंवा समोर उभं राहून करून घेणार असाल, तर कॉन्सन्ट्रेट खुशाल घ्या. गाडी गॅरेजात सोडून कामावर जाणार असाल, तर मी तयार डबाच हातात देईन. आणि फ्लश करायचा असेल तर शेवटचं धुणंही डिस्टिल्ड वॉटरनेच करायला सांगेन, एकदा तयार कूलंट भरून काढून टाकायला लावेन आणि मग दुसऱ्यांदा भरायला सांगेन. एक डबा जास्त जातो, पण मला तो परवडतो.