समुपदेशन चांगलं, फॉर्मने घोटाळा केला

तीन तारे. चौथा देणार होते, तो फॉर्मने खाल्ला.

पुण्यात पेठेतलं समुपदेशन केंद्र आहे, नाव लिहीत नाही. तासाचे 800 रुपये, विद्यार्थ्यांना 500. वेळ पाळतात. मुख्य म्हणजे खोलीचं दार नीट लागतं. आधी जिथे जायचे तिथे बाहेर बसलेल्या काकूंना माझं सगळं ऐकू जायचं.

मी 23 वर्षांची, मूळची कराडची. हॉस्टेलवर असताना दोन वर्षं एका मुलीवर जीव होता. आता ज्याच्याबरोबर आहे तो मुलगा आहे. दोन्ही खरं. हे सांगितल्यावर मॅडम म्हणाल्या, "मग आता मिटलं ना?" जशी काही कावीळ होती, उतरली. मी गप्प. पण पुढच्या वेळी त्यांनीच विषय काढला, "त्या दिवशी माझं चुकलं" म्हणाल्या, आणि तिथून पुढे खरं बोलणं झालं. तीन तारे त्याचेच.

आता फॉर्म. एक विद्यार्थिनी तिथे तरुणांच्या मानसिक आरोग्यावर सर्वेक्षण करत होती. चौकटी तीन: विषमलैंगिक, समलैंगिक, इतर. मी 'इतर'वर खूण करून शेजारी 'उभयलैंगिक' लिहिलं. पुढच्या खेपेला भेटली तेव्हा सहज विचारलं. पोरगी सरळ, सांगून टाकलं: "ताई, तुमच्यासारखे तिघंच निघाले, म्हणून समलैंगिकांत मिळवले." वर माझ्या खुणेपुढे तिने 'उभयलिंगी' लिहिलेलं. शाळेच्या विज्ञानात उभयलिंगी म्हणजे गांडूळ! ते तेवढं खोडून घेतलं.

चिडले ती मिळवण्यावर. आई म्हणते, "आता स्थळं बघू." जुन्या मैत्रिणी म्हणतात, "तू आमच्यातली राहिली नाहीस." ही दोन्हीकडची झोपमोड समलैंगिकांच्या बेरजेत कशी दिसणार? किन्सी या अमेरिकन संशोधकाने 1948 मध्येच 0 (पूर्ण विषमलैंगिक) ते 6 (पूर्ण समलैंगिक) अशी पट्टी मांडली होती, मधल्या आकड्यांसकट. आपल्याकडे एचआयव्हीच्या कामात 'एमएसएम' म्हणजे पुरुषांशी शरीरसंबंध ठेवणारे पुरुष असा गट धरतात, पण तो पुरुषांचा आणि फक्त वागणं बघणारा. त्यात उभयलैंगिक मुलगा वेगळा ओळखू येत नाही, मुलगी तर गटातच नाही.

मॅडमना सांगितलं. म्हणाल्या, केंद्राच्या स्वतःच्या नोंदणी फॉर्मवरही त्याच तीन चौकटी आहेत, बदलून घेते. बुधवारी साडेपाचची वेळ आहे. बदलला असेल तर इथेच येऊन चौथा तारा देईन.