रात्रपाळीची उसनी लायब्रेरियन : चोवीस तास चॅट रेफरन्सचा रिव्ह्यू

आधीच सांगते, सेवा भारी आहे, पाचपैकी चार स्टार, आणि जो एक कापलाय तो चॅटवर बसणाऱ्या माणसांचा नाही, माझ्याच युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीचा कापलाय.

मी मुंबईत एका कॉलेजच्या लायब्ररीत कामाला आहे आणि बाजूने अमेरिकेतल्या एका युनिव्हर्सिटीचा ऑनलाईन कोर्स करतेय, त्यामुळे तिथल्या लायब्ररीचं लॉगिन आहे आणि त्याच्यासोबत ‘लायब्रेरियनला विचारा’ वालं चॅट चोवीस तास मिळतं. चोवीस तास म्हटलं की आपल्याला वाटतं बॉट असणार. तर नाही, माणूस असतं, फक्त ते आपल्याच लायब्ररीचं असेल असं नाही. आपल्याकडे सकाळचे अकरा म्हणजे उन्हाळ्यात न्यूयॉर्कला रात्रीचा दीड, त्या वेळी आमच्या युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीला कुलूप असतं, मग प्रश्न जातो एकमेकांचे प्रश्न सांभाळायला एकत्र आलेल्या लायब्रऱ्यांच्या गटातल्या दुसऱ्या कुठल्यातरी लायब्ररीकडे. प्रत्येक लायब्ररीने आठवड्यातले ठरलेले तास सगळ्यांच्या प्रश्नांसाठी द्यायचे आणि बदल्यात उरलेल्या वेळात बाकीच्यांनी तिचे वाचक सांभाळायचे, असा सगळा हिशोब. एकट्या लायब्ररीला तीन पाळ्या लावणं परवडणारच नाही ना.

आयडिया जुनी आहे तशी. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने 2000 साली बऱ्याच देशांतल्या लायब्रऱ्या घेऊन याची चाचणी केली होती आणि त्यातला पहिला प्रश्न लंडनहून आलेला, प्राचीन बायझंटाईन स्वैपाकावरची पुस्तकं कुठली, आणि त्याला उत्तर दिलं कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिकाच्या पब्लिक लायब्ररीने! कारण कोणाकडे काय चांगलं आहे आणि कोण किती वाजता उघडं असतं याची माहिती आधीच भरून घेतलेली, त्यावरून प्रश्न कुठे धाडायचा ते सिस्टीम ठरवायची. 2002 मध्ये ओसीएलसी या लायब्रऱ्यांच्या सहकारी संस्थेबरोबर मिळून त्याची क्वेश्चनपॉइंट नावाची सेवा झाली, 2019 ला ती स्प्रिंगशेअर या लायब्ररी सॉफ्टवेअरवाल्या कंपनीकडे गेली. असो.

माझा प्रश्न होता 1896 च्या मुंबईतल्या प्लेगबद्दल, मांडवीला डॉ. व्हिएगस यांनी पहिले पेशंट ओळखले तिथून पुढे सरकारने जी घरं तपासली, माणसं उचलून हॉस्पिटलात नेली, त्याची मूळ कागदपत्रं हवी होती. समोर दुसऱ्याच राज्यातल्या कॉलेजची लायब्रेरियन. तिने पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं की या विषयातलं मला काही येत नाही पण शोधूया, आणि मग विचारायला लागली, सरकारी रिपोर्ट हवेत की पेपरातल्या बातम्या, कुठलं वर्ष, इंग्रजीच की इतर भाषाही चालतील, कधीपर्यंत हवंय, आत्तापर्यंत काय बघून झालं. यालाच रेफरन्स इंटरव्ह्यू म्हणतात, आमच्या लायब्ररी सायन्सच्या पेपरात यावर हमखास प्रश्न असतो आणि काउंटरवर मात्र मुलगा ‘प्लेगचं काहीतरी द्या’ म्हणाला की आपण बोटाने कपाट दाखवून मोकळे होतो. चॅटवर तर अजून अवघड, समोरच्याचा चेहरा दिसत नाही, त्यामुळे ती मधेमधे लिहीत होती, ‘अजून शोधतेय, दोन मिनिटं’. छोटी गोष्ट आहे, पण नाहीतर वाटतं बाई गेली सोडून.

तिने दिलेली नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडची ब्रिटिश काळातल्या भारताच्या वैद्यकीय कागदपत्रांची लिंक म्हणजे खजिना आहे, प्लेगचे रिपोर्ट स्कॅन करून फुकट ठेवलेत, ज्यांना या विषयात रस आहे त्यांनी बघाच. दुसरी लिंक अमेरिकेतल्या एका मोठ्या डिजिटल भांडाराची होती आणि तिथे गंमत झाली, तिच्याकडे अख्खं पुस्तक उघडतंय आणि माझ्याकडे नुसते पान नंबर दिसतायत! पुस्तक छापलंय मुंबईत, विषय मुंबईचा, वाचू शकत नाही ती मुंबईवाली. कॉपीराइटचा हिशोब देशागणिक बदलतो म्हणून होतं असं, तिचा काही दोष नाही, तिने लगेच दुसरी प्रत शोधून दिली.

आता कापलेला स्टार. मी विचारलं एका प्रकरणाचं स्कॅन मागवता येईल का. हे उत्तर देण्यासाठी प्रत्येक लायब्ररीने गटासाठी स्वतःच्या नियमांचं एक पान भरून ठेवायचं असतं, कोणाला काय मिळतं, किती दिवसांत, कोणाशी बोलायचं. आमच्या लायब्ररीचं पान जुनाट. त्यावरून ती म्हणाली मिळेल, आणि मग आमच्या लायब्ररीचा मेल आला की देशाबाहेरच्या विद्यार्थ्यांना देत नाही. शेजारणीकडे किल्ली ठेवून गावाला जायचं आणि गॅसचा कॉक कुठे आहे ते सांगायचंच नाही, तसं झालं हे. सॉफ्टवेअर कितीही चांगलं घ्या, ते एक पान कोणीतरी नावानिशी जबाबदारी घेऊन अपडेट करत नसेल तर रात्रीचं माणूस तोंडघशी पडणार आणि शिव्या त्यालाच बसणार.

मराठी कागदपत्रांबद्दल तिने सरळ हात वर केले, गटात मराठी वाचणारं कोणी नव्हतं. उगाच ठोकून दिलं नाही हे आवडलं. पण तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय 1898 चं, म्हणजे प्लेग चालू असतानाच सुरू झालेलं, टाऊन हॉलमधली एशियाटिक सोसायटी 1804 ला स्थापन झालेली, काळा घोड्याला डेव्हिड ससून लायब्ररी. यांनी आणि दहा-बारा कॉलेजांनी मिळून आठवड्याचे दोन-दोन तास टाकले तर मराठीत असं चॅट का नाही चालणार? चोवीस तास नकोच, संध्याकाळी सहा ते नऊ पुरे, लोक ट्रेनमधून टाईप करतील. पैशापेक्षा अडचण वेगळी आहे, कुठल्या लायब्ररीत काय आहे ते तिथल्या एखाद्या जुन्या जाणत्या माणसाच्या डोक्यात असतं आणि ते माणूस रिटायर झालं की संपलं. ते आधी लिहून काढावं लागेल, आणि हे काम कंटाळवाणं आहे, कोणाच्या प्रमोशनला मोजलं जात नाही.

वापरणार असाल तर सुरुवातीलाच लिहा की भारतातून बोलतेय, म्हणजे लिंक उघडेल का ते ते बघतात. चॅटची प्रत मेलवर मागून घ्या. रोल नंबर, पासवर्ड टाकू नका, समोरचं माणूस दुसऱ्या संस्थेचं आहे. आणि फी, दंड, लॉगिन असले प्रश्न रात्री विचारूच नका, ‘तुमच्या लायब्ररीकडे पाठवते’ एवढंच उत्तर येतं.