पवनचक्कीचं व्हॉलंटियरिंग: बनवायला जायचं की टिकवायला?

दुर्गम गावांसाठी छोट्या पवनचक्क्या बनवायच्या कामाला जायचंय, पण दहा दिवसांचं वर्कशॉप करू की तीन महिने गावात राहून मेंटेनन्स करू, असं ज्यांचं चाललंय त्यांच्यासाठी लिहितोय. मी दोन्ही केलंय.

मजा वर्कशॉपमध्ये जास्त, वादच नाही. डिझाईन बऱ्याच ठिकाणी हाताने पवनचक्क्या बनवणाऱ्या स्कॉटलंडच्या ह्यू पिगॉटचंच असतं, लाकडाची पाती हाताने तासायची, तांब्याच्या कॉइल गुंडाळून रेझिनमध्ये ओतायच्या, लोखंडी तबकड्यांवर निओडिमियमचे जबरदस्त ताकदीचे मॅग्नेट बसवायचे. त्या दोन तबकड्या जवळ आल्या की हाताने थोपवता येत नाहीत हं, लांब बोल्टवर नट फिरवत सावकाश खाली आणाव्या लागतात, मी घाई केली आणि नख दोन महिने काळंनिळं. वेल्डिंगपासून थ्री-फेज वायरिंगपर्यंत सगळं हाताखालून जातं, पण खरं सांगू, त्यात शिकता तुम्ही, गावाला मिळते फक्त मशीन. आणि फी बऱ्याचदा आपणच भरायची.

मेंटेनन्स आधी कंटाळवाणं वाटतं, माझे पहिले काही आठवडे तर नुसता वारा मोजण्यात गेले. पण सगळा खेळ तिथेच आहे, कारण वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातली ताकद 8 पट होते, 2.4 मीटर व्यासाची चक्की 6 मीटर प्रतिसेकंद वाऱ्यात साधारण 150 वॅट देते, 3 वर आला की 20 सुद्धा धड नाही. निकाराग्वात ब्लूएनर्जी नावाच्या संस्थेने सुरुवात पवनचक्क्यांनी केली आणि पुढे त्यांनाच त्या सोडाव्या लागल्या, वारा कमी, दुरुस्ती फार.

आम्ही होतो तिथे कुणीतरी साफसफाईसाठी बॅटरीची वायर काढली, लोड गेला, म्हणजे वीज ओढून पंख्याला आवरणारं काही उरलं नाही, आणि पंखा असा सुसाट सुटला की सगळे लांब पळाले. अशा वेळी चक्कीतून येणाऱ्या तिन्ही फेजच्या वायरी एकमेकींना जोडून, म्हणजे शॉर्ट करून, ब्रेक लावायचा असतो, तोही वारा चढायच्या आत, आणि हे गावातल्या दोघा-तिघांना तरी झोपेत जमलं पाहिजे. ते शिकवायला दहा दिवस पुरत नाहीत, शिवाय तिथली भाषा मोडकीतोडकी तरी यायला हवी.

सुट्टी कमी असेल तर वर्कशॉपच करा, त्यात कमीपणा नाही, फक्त जायच्या आधी संस्थेला विचारा की दोन वर्षांपूर्वी बसवलेली चक्की आज फिरतेय का आणि बिघडली की दुरुस्तीसाठी टॉवर आडवा कोण करतं. उत्तरात गावातल्याच कुणाचं नाव आलं तर बॅग भरा.