स्वतःचा ब्लॉग की समाजमाध्यमांवरील खाते? लोकप्रतिनिधींच्या कार्यालयांसाठी तुलनात्मक आढावा

नवे पद स्वीकारलेल्या नेत्याच्या कार्यालयात पहिल्याच आठवड्यात एक प्रश्न निघतो : आपले म्हणणे लोकांपर्यंत नेण्यासाठी स्वतःच्या संकेतस्थळावर ब्लॉग चालवायचा, की एक्स (पूर्वीचे ट्विटर), फेसबुक, इन्स्टाग्राम यांसारख्या माध्यमांवरील खात्यांवरच भिस्त ठेवायची? ‘दोन्ही चालवू’ असे उत्तर सहसा दिले जाते आणि ते चुकीचेही नाही. परंतु मूळ मजकूर कोठे राहणार आणि त्याची प्रत कोठे जाणार, हे त्या उत्तराने ठरत नाही. पुढील तुलना मुख्यतः तेवढे ठरवण्यासाठी आहे.

ब्लॉगचे पहिले आकर्षण म्हणजे ऐसपैस लिहिण्याची मुभा, आणि त्याचा पहिला दोषही तोच. इराणचे तत्कालीन अध्यक्ष महमूद अहमदीनेजाद यांनी २००६ च्या ऑगस्टमध्ये ब्लॉग सुरू केला, तेव्हा पहिलीच नोंद दोन हजारांहून अधिक शब्दांची आत्मकथनपर झाली आणि यापुढे थोडक्यात लिहीन, असे आश्वासन त्यांना देऊन ठेवावे लागले. समाजमाध्यमांवर धोका नेमका उलटा असतो. भारतात २००९ च्या सप्टेंबरमध्ये परराष्ट्र राज्यमंत्री असलेल्या शशी थरूर यांना एका पत्रकाराने ट्विटरवर विमानप्रवासाबद्दल प्रश्न विचारताना ‘कॅटल क्लास’ (गुरांसारखी दाटी असलेला, म्हणजे विमानातील स्वस्त वर्ग) हा शब्दप्रयोग केला आणि थरूर यांनी उत्तरात तोच गमतीने उचलला. प्रश्न मागे राहिला, उत्तर तेवढे पुढे गेले आणि शेवटी त्यांना दिलगिरी व्यक्त करावी लागली. तेव्हा मर्यादा १४० अक्षरांची होती आणि २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये ती २८० झाली, पण अडचण अक्षरांच्या संख्येत नव्हतीच. समाजमाध्यमावर वाक्य आपल्या आगच्यामागच्या संदर्भापासून सुटून एकटेच हिंडते. ब्लॉगमधील वाक्यही कोणी तोडून फिरवू शकतो, मात्र तसे झाल्यास मूळ परिच्छेदाकडे बोट दाखवता येते. म्हणूनच एखाद्या विधेयकाला विरोध का केला किंवा एखादा प्रकल्प का थांबवला, असे कारणांसह सांगण्याचे विषय ब्लॉगवर आणि सभेची वेळ, दौऱ्याची छायाचित्रे, अभिनंदन आणि शोकसंदेश समाजमाध्यमावर, ही विभागणी मला व्यवहार्य वाटते.

पोहोच आणि ताबा या दोन गोष्टी एकत्रच तोलाव्या लागतात, कारण एक वाढवताना दुसरीचा काही भाग सोडावा लागतो. डोनाल्ड ट्रम्प यांच्या उदाहरणातून दोन्ही बाजूंनी शिकण्यासारखे आहे. ८ जानेवारी २०२१ रोजी ट्विटरने त्यांचे खाते बंद केले, तेव्हा त्या खात्याला आठ कोटी ऐंशी लाखांहून अधिक अनुयायी होते आणि ते अद्याप अमेरिकेचे अध्यक्षपद भूषवत होते. देशाच्या सर्वोच्च पदावरील व्यक्तीचा आवाज एका खासगी कंपनीच्या निर्णयाने त्या मंचावरून नाहीसा होऊ शकतो, हे त्या दिवशी जगाने पाहिले. तो निर्णय योग्य होता की नाही, हा वेगळा वाद आहे. एवढे बहुतेकांना ठाऊक असते. त्यापुढचा भाग कमी सांगितला जातो, आणि निर्णय घेणाऱ्याच्या दृष्टीने तोच अधिक उपयोगाचा आहे. त्याच वर्षी ४ मे रोजी ट्रम्प यांनी स्वतःच्या संकेतस्थळावर ब्लॉगसारखे पान सुरू केले. तेथे त्यांना रोखणारे कोणी नव्हते, तरीही महिना भरण्यापूर्वीच, २ जून रोजी, वाचक तुटपुंजे असताना ते पान कायमचे बंद झाले. कोट्यवधी अनुयायांपैकी फारच थोडे त्यांच्यामागून नव्या पत्त्यावर आले, कारण अनुयायांची यादी त्यांच्याजवळ नव्हतीच. ती कंपनीजवळ होती.

यावरून ब्लॉग निरुपयोगी आहे, असा निष्कर्ष मी काढत नाही. ब्लॉग सुरू करणाऱ्याने पहिल्या दिवसापासून वाचकांच्या संमतीने त्यांच्या ईमेल पत्त्यांची यादी बांधावी, कारण उद्या माध्यमाने नियम बदलले तरी ती यादी आपलीच राहते. नियम बदलतातही. २०२३ च्या जूनअखेरीस ट्विटरने लॉग-इन न केलेल्या वाचकांना काही काळ पोस्ट पाहण्यापासूनच अडवले होते. खासगी व्यक्तीला याचा मनस्ताप फार तर होईल, पण ज्या सरकारी कार्यालयाने आपल्या सूचना केवळ तेथेच देण्याची सवय लावून घेतली असेल, त्याने नागरिकांपुढे नकळत एक दार बंद केलेले असते.

ब्लॉगच्या बाजूने लालकृष्ण अडवाणी यांचे उदाहरण हमखास दिले जाते. त्यांनी २००९ मध्ये ब्लॉग सुरू केला. पुढे २०१४ नंतर सुमारे पाच वर्षे तो शांत होता आणि २०१९ च्या एप्रिलमध्ये लिहिलेल्या एकाच नोंदीची दखल देशभरातील वृत्तपत्रांनी घेतली. तथापि त्या दिवशी दिसले ते लिहिणाऱ्याचे वजन होते. नवख्या लोकप्रतिनिधीने अशा उदाहरणावर विसंबून पाच वर्षांतून एकदा लिहिण्याचा बेत करू नये.

वाचकांच्या प्रतिसादाबाबत दोन्ही पर्यायांचे नियम मुळातच निराळे आहेत. ब्लॉगवर टिप्पण्या आधी तपासून मग प्रसिद्ध करता येतात किंवा ती सोय मुळीच न ठेवताही चालते, आणि त्याबद्दल सहसा कोणी तक्रार करत नाही. समाजमाध्यमावर प्रतिसाद त्याच क्षणी आणि सर्वांसमोर येतो, त्यामुळे त्रासदायक वाटणाऱ्या नागरिकाला ‘ब्लॉक’ करण्याचा मोह होतो. अमेरिकेत या मोहाचे न्यायालयीन पडसाद उमटले. अध्यक्षपदी असताना ट्रम्प यांनी टीकाकारांना ब्लॉक करणे घटनाबाह्य आहे, असे २०१८ मध्ये जिल्हा न्यायालयाने आणि २०१९ मध्ये अपील न्यायालयाने म्हटले; पुढे त्यांचे पद गेल्यावर, २०२१ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल प्रकरण कालबाह्य झाल्याच्या कारणाने रद्द केला. त्यानंतर मार्च २०२४ मध्ये एका शहराच्या प्रशासकाच्या फेसबुक पानावरून उद्भवलेल्या दाव्यात त्याच न्यायालयाने एकमताने दुहेरी कसोटी घालून दिली : त्या व्यक्तीला शासनाच्या वतीने बोलण्याचा प्रत्यक्ष अधिकार होता का, आणि त्या पोस्टमध्ये ती व्यक्ती तो अधिकार बजावत असल्याचे दिसत होते का. एखादी टिप्पणी काढून टाकण्याचा संबंध त्या एका पोस्टपुरता येतो, पण ब्लॉक केल्याने नागरिक संपूर्ण पानावर बोलायला मुकतो आणि म्हणून त्याचे परिणाम अधिक व्यापक ठरतात, हेही न्यायालयाने नोंदवले. हा कायदा अमेरिकेपुरता आहे. मात्र नातवंडांची छायाचित्रे आणि शासननिर्णय एकाच पानावर टाकण्याची सवय कोणत्याही देशात अडचणीची ठरेल. वैयक्तिक आणि पदाचे अशी दोन खाती वेगळी ठेवावीत आणि वैयक्तिक पानावर तसे ठळकपणे लिहावे.

मनुष्यबळाचा विचार मात्र कार्यालये सर्वांत शेवटी करतात. व्हेनेझुएलाचे अध्यक्ष ह्यूगो चावेझ यांनी २०१० च्या एप्रिलमध्ये ट्विटरवर खाते उघडले आणि मदतीची मागणी करणाऱ्या नागरिकांच्या संदेशांचा असा पूर आला, की ते हाताळण्यासाठी २०० जण नेमल्याचे त्यांनी जाहीर केले. एवढे मनुष्यबळ कोणाजवळ असते? खाते उघडले की नागरिक त्याला तक्रारपेटी समजतात, आणि उत्तर न मिळालेली तक्रार तेथे सर्वांना दिसत राहते. ब्लॉगला एक चांगला लिहिणारा आणि आठवड्यातले काही तास पुरतात. ज्या कार्यालयात माणसे मोजकीच आहेत, तेथे पाच माध्यमांवर अर्धवट हजेरी लावण्यापेक्षा ब्लॉग आणि एकच खाते नीट चालवणे मला पटते.

आपत्तीच्या वेळी तुलना करण्यासारखे काही उरत नाही. तेथे समाजमाध्यम सरस आहे. पण वेगाची दुसरी बाजूही आहे. २३ एप्रिल २०१३ रोजी असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेचे ट्विटर खाते बळकावून व्हाइट हाउसमध्ये स्फोट झाल्याची खोटी बातमी टाकली गेली आणि काही मिनिटांत अमेरिकी शेअर बाजार कोसळून सावरला. खरी घोषणा पडताळण्यासाठी एक ठिकाण हवे आणि ते स्वतःचे संकेतस्थळ असणे इष्ट.

राहिला प्रश्न पद सोडण्याच्या दिवसाचा. ब्रिटनमध्ये डेव्हिड मिलिबँड यांनी २००६ मध्ये मंत्री असताना ब्लॉग सुरू केला आणि त्याच वर्षी त्यांचे मंत्रालय बदलले, तेव्हा ब्लॉगही त्यांच्यासोबत गेला. सरकारी व्यवस्थेत चालणारा ब्लॉग पदाचा की व्यक्तीचा, हे आधी लिहून ठेवण्याची गरज यातून दिसते. अमेरिकेत २०१७ च्या जानेवारीत अध्यक्षांचे अधिकृत ट्विटर खाते नव्या अध्यक्षांकडे सोपवताना बराक ओबामा यांच्या काळातील सर्व पोस्ट एका स्वतंत्र खात्यात हलवून जतन करण्यात आल्या. ही पद्धत लहान कार्यालयालाही जमण्यासारखी आहे, फक्त खाते आणि डोमेन (संकेतस्थळाचा पत्ता) पदाच्या नावाने नोंदलेले असले पाहिजे आणि त्यांचे पासवर्ड एकट्या स्वीय सहायकाच्या मोबाइलमध्ये राहता कामा नयेत.