दयाळ की देवमासा: गाण्यावरचा प्रकल्प कशावर करायचा?

प्राणिशास्त्राच्या प्रकल्पासाठी ‘प्राण्यांचं गाणं’ हा विषय घेतलेल्या नागपूरच्या विद्यार्थ्यांसमोर दोन उत्तम पर्याय आहेत: दयाळ हा पक्षी आणि हंपबॅक देवमासा. समुद्र इथून शेकडो किलोमीटर लांब, म्हणून देवमाशाला आधीच बाद करू नका. आधी तुमचा प्रकल्प कोणत्या महिन्यांत होणार ते बघा.

दयाळाचा विणीचा हंगाम साधारण मार्च ते जुलै. या दिवसांत नर उजाडायच्या आधीपासून अँटेनावर, विजेच्या तारेवर किंवा उंच फांदीवर बसून गातो. शेपटी वर, गळा फुगलेला, आणि गाण्याची प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा जराशी वेगळी. मधूनच दुसऱ्या एखाद्या पक्ष्याची नक्कलही करून जातो. सेमिनरी हिल्स, महाराजबाग, अंबाझरीचा परिसर किंवा तुमच्याच वस्तीतली जुनी झाडं, कुठेही भेटेल. पण थंडीत त्याचं गाणं जवळपास बंद असतं. ऑक्टोबरात सुरुवात करून जानेवारीत वही सादर करायची असेल, तर दयाळ घेऊ नका.

तेव्हा देवमासा कामी येतो. कॅलिफोर्नियाच्या मॉन्टेरे उपसागरात सुमारे ९०० मीटर खोलीवर बसवलेला हायड्रोफोन (पाण्याखालचा मायक्रोफोन) २०१५ पासून समुद्राचे आवाज टिपतो आहे आणि ती रेकॉर्डिंग सगळ्यांसाठी खुली आहेत. नोव्हेंबर-डिसेंबरची घ्या. एक गाणं बहुधा दहा-वीस मिनिटांचं असतं आणि नर ते तासन्‌तास आळवतो. १९७१ मध्ये रॉजर पेन आणि स्कॉट मॅक्वे या संशोधकांनी त्याची बांधणी उलगडली: सुटे ध्वनी जुळून एक तुकडा होतो, तोच तुकडा पुन्हापुन्हा येतो, मग ठरलेल्या क्रमाने पुढचा. ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे आवाजाचं चित्र, उघडलंत की ही पुनरावृत्ती डोळ्यांना दिसते. मला स्वतःला देवमाशाच्या अभ्यासात सगळ्यात सुंदर वाटतं ते हेच.

दोघांना विचारायचे प्रश्नही वेगळे. दयाळ आपली हद्द राखण्यासाठी गातो, म्हणून दोन शेजारी नरांच्या गाण्यात फरक काय, हा प्रश्न त्याला शोभतो. देवमाशांचं उलट आहे. एका भागातले सगळे नर जवळपास एकच गाणं गातात आणि ते सगळ्यांचं मिळून बदलत जातं. दक्षिण पॅसिफिकमध्ये तर नवी गाणी पश्चिमेकडून पूर्वेकडे पसरत गेल्याचं नोंदलं गेलं आहे. म्हणून दोन वेगवेगळ्या वर्षांची रेकॉर्डिंग शेजारी ठेवून काय बदललं ते शोधा. आपल्या अरबी समुद्रातही हंपबॅक आहेत, स्थलांतर न करणारे आणि संख्येने फार थोडे उरलेले. प्रस्तावनेत त्यांच्याबद्दल जरूर लिहा.

खर्च दोन्हीकडे किरकोळ. देवमाशाला बरं इंटरनेट आणि चांगला हेडफोन लागतो, दयाळाला पहाटे उठायची तयारी.

मार्च-एप्रिल हाताशी असतील तर मी दयाळच घ्यायला सांगेन. स्वतः टिपलेल्या आवाजावर परीक्षकांनी काहीही विचारलं तरी उत्तर देता येतं. झाड एकच ठरवा, वेळ एकच ठेवा, फोन फ्लाइट मोडवर टाका आणि रहदारी सुरू व्हायच्या आत रेकॉर्डिंग आटपा. फोनवर गाणं वाजवून नराला बोलावू मात्र नका. हद्दीत दुसरा नर घुसला असं समजून तो भांडायला धावतो आणि ऐन विणीत त्याचं घरट्याकडे दुर्लक्ष होतं.